विंडोज कॉम्प्युटरचं नेटवर्कवरचं नाव आणि आयपी पत्ता बदलायचा असेल तर

छोटं ऑफिस, क्लासची लॅब किंवा दुकान असलं की नेटवर्क साधंच असतं: चार-सहा कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक राउटर. तक्रारी मात्र ठरलेल्या. काल उघडणारं शेअर फोल्डर आज उघडत नाही. प्रिंटर मध्येच 'ऑफलाइन' होतो. नेटवर्कच्या यादीत 'डेस्कटॉप' या शब्दापुढे सात अगम्य अक्षरं चिकटलेली चार नावं दिसतात आणि त्यातला हिशेबाचा कॉम्प्युटर कुठला हे कुणालाच सांगता येत नाही. यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ दोन गोष्टींत असतं. मशीनला ओळखू येईल असं नाव दिलेलं नसतं, आणि ज्या मशीनला कायमचा पत्ता (आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर मशीन ओळखायचा आकडा) हवा तिचा पत्ता राउटरच्या वाटपावर सोडलेला असतो. दोन्ही दुरुस्त करता येतात. फक्त क्रम पाळायला हवा, नाहीतर एक सुधारताना दुसरं बिघडतं.

हा लेख विंडोज १० आणि ११ साठी आहे. मेनूंची नावं इंग्रजी विंडोजमधली आहेत, ती इथे देवनागरीत लिहिली आहेत. नावं, आकडे आणि कमांड टाइप करताना मात्र कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर पत्त्याच्या चौकटीत देवनागरी आकडे पडतात किंवा काहीच उमटत नाही, आणि चूक कुठे आहे ते लवकर लक्षात येत नाही.

आधी ठरवा: कायमचा पत्ता कुणाला हवा?

सगळ्यांना नको. नेटवर्कवर दोन प्रकारची यंत्रं असतात: ज्यांच्याकडे इतर जण येतात ती, आणि जी इतरांकडे जातात ती. हिशेबाचा डेटा ठेवलेला कॉम्प्युटर, प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, हाजेरीचं बायोमेट्रिक मशीन ही पहिल्या गटातली. यांचा पत्ता बदलला की बाकीच्यांचं काम अडतं, म्हणून तो कायमचा हवा. बाकीचे कॉम्प्युटर, लॅपटॉप आणि मोबाइल यांना राउटरने आपोआप दिलेला पत्ता अगदी पुरतो. या आपोआप वाटपाला डीएचसीपी म्हणतात.

प्रत्येक मशीनला हाताने पत्ता देत बसण्याची सवय अनेक जुन्या ऑफिसांत दिसते. ती सोडा. राउटर किंवा ब्रॉडबँड बदलण्याच्या दिवशी तिची खरी किंमत कळते (पायरी ११ पाहा).

लागणाऱ्या गोष्टी

- कॉम्प्युटरवर अॅडमिनिस्ट्रेटर हक्क असलेलं खातं आणि त्याचा पासवर्ड. नुसता पिन पुरणार नाही.
- राउटरच्या पानावर लॉगिन करण्याचं नाव आणि पासवर्ड. बहुतेकदा राउटरच्या तळाच्या स्टिकरवर असतो. तो बदलला असेल तर कनेक्शन बसवणाऱ्याकडून आधीच मागून घ्या.
- एक वही किंवा एक्सेल शीट. रकाने पाच: नाव, जागा, फिजिकल अॅड्रेस (यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक), आयपी पत्ता, तारीख.
- काम बंद असण्याची वेळ. दुपारी बिलिंग चालू असताना या कामाला हात लावू नका.
- तुम्ही स्वतः त्या मशीनसमोर. दूरून, एनीडेस्कसारख्या सोयीने पत्ता बदलायला गेलात आणि एक आकडा चुकला, तर तुमचंच कनेक्शन तुटतं आणि ते दुरुस्त करायला तिथे जावंच लागतं.

१. आत्ताची स्थिती लिहून घ्या

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, छोट्या चौकटीत सी-एम-डी टाइप करून एंटर द्या. काळ्या खिडकीत ही कमांड द्या: आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी सलग, एक स्पेस, मग तिरकी रेघ आणि ए-एल-एल. (पुढे हिला 'आयपीकॉन्फिग /ऑल' म्हटलं आहे.)

लांबलचक यादी येते. त्यात ब्लूटूथ, व्हीपीएन, व्हर्च्युअल मशीन अशांचेही भाग असतात, आणि नवखा माणूस तिथेच गोंधळतो. 'डिफॉल्ट गेटवे' या ओळीसमोर आकडा भरलेला आहे असा भाग शोधा. साधारणपणे तोच तुमचा चालू जोड. त्यातल्या या ओळी उतरवून घ्या किंवा मोबाइलने फोटो काढा: फिजिकल अॅड्रेस, डीएचसीपी एनेबल्ड, आयपीव्ही४ अॅड्रेस, सबनेट मास्क, डिफॉल्ट गेटवे, डीएनएस सर्व्हर्स. सगळ्यात वर 'होस्ट नेम' दिसतं, ते मशीनचं सध्याचं नाव.

हा फोटो म्हणजे परतीची वाट. पुढे काहीही बिघडलं तरी हे आकडे जसेच्या तसे भरले की मशीन मूळपदावर येतं.

२. नाव ठरवा

नाव जास्तीत जास्त १५ अक्षरांचं ठेवा. ही मर्यादा नेटबायॉस या जुन्या पद्धतीतून आली आहे: तिच्यात नावाला १६ जागा असतात आणि सोळावी जागा सेवेचा प्रकार सांगण्यासाठी राखलेली असते. लांब नाव दिलंत तर त्या पद्धतीत पहिली पंधराच अक्षरं धरली जातात, आणि पहिली पंधरा अक्षरं सारखी असलेली दोन मशीनं एकमेकांना आडवी जातात.

इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढंच वापरा. स्पेस नको, खालची रेघ नको, नुसते आकडे नकोत. लहान-मोठ्या लिपीने फरक पडत नाही.

नाव माणसाचं ठेवू नका, जागेचं किंवा कामाचं ठेवा. माणूस टेबल बदलतो, नोकरी सोडतो, आणि दोन वर्षांनी त्या नावाचा कॉम्प्युटर भलत्याच टेबलावर असतो. 'बिलिंग-०१', 'हिशेब', 'लॅब-०७' अशी नावं टिकतात. आकडा दोन अंकी लिहा, नाहीतर काही याद्यांमध्ये १ नंतर १० आणि मग २ येतो. लॅपटॉपच्या बाबतीत आणखी एक कारण आहे: हॉटेलच्या किंवा रेल्वे स्टेशनच्या वायफायला जोडताच लॅपटॉप आपलं नाव तिथल्या राउटरला कळवतो. तिथे पूर्ण नाव-आडनाव जायची गरज नाही.

लॅबमध्ये एका मशीनची हार्ड डिस्क कॉपी करून सगळी मशीनं तयार केली असतील, तर सगळ्यांचं नाव एकच असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी एकेकच मशीन नेटवर्कला जोडा, नाव बदला, मग पुढचं जोडा.

३. नाव बदला

सेटिंग्ज उघडा, सिस्टिममध्ये जा, तिथून अबाउट. 'रीनेम धिस पीसी' हे बटण दाबा, नवं नाव टाका, नेक्स्ट, मग 'रीस्टार्ट नाऊ'.

जुन्या सवयीच्या लोकांसाठी दुसरा रस्ता: विंडोज आणि आर, मग एस-वाय-एस-डी-एम, टिंब, सी-पी-एल. 'कॉम्प्युटर नेम' या टॅबवर खाली 'चेंज' बटण आहे. याच टॅबवर सर्वांत वर 'कॉम्प्युटर डिस्क्रिप्शन' नावाची रिकामी चौकट दिसते. अनेक जण नवं नाव तिथेच लिहून ओके देतात आणि नाव बदललं नाही म्हणून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करत बसतात. ती चौकट फक्त वर्णनाची आहे. नाव 'चेंज' दाबल्यावर उघडणाऱ्या खिडकीतच बदलतं. तिथली 'वर्कग्रुप' ही ओळ तशीच राहू द्या.

नाव रीस्टार्टनंतरच लागू होतं. 'शट डाऊन' करून पुन्हा चालू करणं आणि 'रीस्टार्ट' हे एकच नव्हे: विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाऊन केल्यावर सिस्टिमचा काही भाग साठवून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. म्हणून मेनूतून रीस्टार्टच निवडा.

बटण दाबताच कंपनीच्या खात्याचा पासवर्ड मागितला, किंवा बटणच चालत नसलं, तर ते मशीन कंपनीच्या डोमेनला (सगळी मशीनं एका जागेवरून सांभाळण्याची व्यवस्था) जोडलेलं असू शकतं. तिथे थांबा आणि आयटीवाल्यांना सांगा.

४. नावाबरोबर काय काय तुटतं

नाव बदलणं पाच मिनिटांचं काम. त्या नावावर टांगलेल्या गोष्टी मात्र तुम्हालाच शोधून दुरुस्त कराव्या लागतात, विंडोज त्या आपणहून बदलत नाही. ही तपासणी लगेच, त्याच बैठकीत करा:

- इतर कॉम्प्युटरवरची मॅप केलेली ड्राइव्ह (नेटवर्कवरचं फोल्डर ड्राइव्हसारखं जोडलेलं). तिचा रस्ता \\जुनंनाव\फोल्डर असा असतो. ती डिस्कनेक्ट करून नव्या नावाने पुन्हा जोडा.
- डेस्कटॉपवरचे शॉर्टकट. बहुतेक जण ड्राइव्ह दुरुस्त करतात आणि शॉर्टकट विसरतात.
- टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला डेटाचा पाथ, जर तो नेटवर्कवरून घेतलेला असेल.
- या कॉम्प्युटरला यूएसबीने जोडलेला आणि शेअर केलेला प्रिंटर. इतरांकडे तो काढून पुन्हा जोडावा लागतो.
- रात्रीचा बॅकअप. हा न बोलता बंद पडतो, म्हणून सर्वांत घातक. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅकअपच्या फायलीची तारीख डोळ्यांनी पाहा.
- झेरॉक्स-स्कॅनर मशीनची 'स्कॅन टू फोल्डर' यादी. तिच्यात कॉम्प्युटरचं नाव साठवलेलं असतं, आणि ते मशीनच्या छोट्या पडद्यावरून किंवा त्याच्या वेब पानावरून बदलावं लागतं.

नव्या नावाने फोल्डर उघडताना पासवर्ड पुन्हा विचारला जाईल, कारण साठवलेला पासवर्ड जुन्या नावाखाली आहे. कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन जुन्या नावाची नोंद काढून टाका. इथे हमखास होणारी चूक: लोक रोज लॉगिन करताना वापरतात तो चार आकडी पिन टाकतात. पिन फक्त त्याच मशीनवर बसून चालतो. नेटवर्कवरून खात्याचा पूर्ण पासवर्डच लागतो. मायक्रोसॉफ्ट खातं वापरत असाल तर त्या खात्याचा.

सी ड्राइव्हच्या 'यूजर्स' फोल्डरमधलं तुमच्या नावाचं फोल्डर यात बदलत नाही, आणि तुम्हीही त्याला हात लावू नका. ते वापरणाऱ्याचं नाव आहे, मशीनचं नव्हे.

दुसऱ्या एखाद्या कॉम्प्युटरला नवं नाव सापडत नसेल तर त्यालाही एकदा रीस्टार्ट द्या. तेवढ्याने त्याच्या आठवणीतली जुनी नोंद जाते.

५. पत्त्याचे चार आकडे

हाताने पत्ता द्यायचा म्हणजे चार गोष्टी भरायच्या. नमुना असा:

- आयपी पत्ता: १९२.१६८.१.५०
- सबनेट मास्क: २५५.२५५.२५५.०
- गेटवे: १९२.१६८.१.१
- डीएनएस: १९२.१६८.१.१ किंवा ८.८.८.८

या मास्कचा अर्थ असा की पत्त्याचे पहिले तीन गट ऑफिसातल्या सगळ्यांचे सारखे असायला हवेत आणि चौथा प्रत्येकाचा वेगळा. चौथ्या गटात ० आणि २५५ कुणालाच देता येत नाहीत: ० हा अख्ख्या नेटवर्कचा, २५५ सगळ्यांना एकदम हाक मारण्याचा. गेटवे म्हणजे राउटर. डीएनएस वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडा शोधून देतो.

नमुन्यातले आकडे आंधळेपणाने उतरवू नका. तुमच्या राउटरचा पत्ता वेगळा असू शकतो: जिओफायबरच्या राउटरवर १९२.१६८.२९.१ असतो, अनेक टीपी-लिंक आणि डी-लिंक राउटरवर १९२.१६८.०.१. पायरी १ मध्ये 'डिफॉल्ट गेटवे'समोर जे लिहिलंय तेच खरं. पहिले तीन गट तिथून घ्यायचे.

हे सगळे पत्ते खाजगी आहेत. १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घर-ऑफिसच्या आतल्या वापरासाठी १९९६ पासून राखून ठेवले आहेत, म्हणून तेच आकडे तुमच्याकडे आणि शेजारच्या दुकानातही असू शकतात. बाहेरच्या वेबसाइटना दिसणारा पत्ता ब्रॉडबँड कंपनी देते. आतला पत्ता बदलल्याने तो बदलत नाही.

६. मोकळा पत्ता शोधा

ही पायरी गाळली की भांडण ठरलेलं. राउटर एका ठरावीक पट्ट्यातून पत्ते वाटतो. त्या पट्ट्यातला आकडा तुम्ही हाताने घेतलात, तर राउटर तोच उद्या कुणाच्या तरी मोबाइलला देऊ शकतो. मग कधी तुमचं मशीन बंद पडतं, कधी त्याचा मोबाइल. दोन दिवस सगळं सुरळीत, तिसऱ्या दिवशी बंद, असा त्रास असेल तर पहिला संशय यावर घ्या.

ब्राउझरमध्ये गेटवेचा आकडा टाकून राउटरच्या पानावर जा. 'लॅन' किंवा 'डीएचसीपी सर्व्हर' या भागात सुरुवातीचा आणि शेवटचा पत्ता दिसेल. पट्टा १०० ते १९९ असा असेल तर २ ते ९९ मोकळे. काही राउटर २ ते २५४ असा सगळाच पट्टा आपल्याकडे ठेवतात. तिथे सुरुवात १०० करून घ्या. मात्र आधी वाटलेले पत्ते मुदत संपेपर्यंत त्या-त्या यंत्राकडेच राहतात, म्हणून पट्टा बदलल्यावर राउटर आणि जोडलेली यंत्रं एकदा बंद-चालू करा आणि राउटरवरची यादी पुन्हा पाहा.

निवडलेला आकडा खरंच मोकळा आहे का ते तपासा. काळ्या खिडकीत पी-आय-एन-जी (पिंग, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारणं), स्पेस आणि तो पत्ता टाका. उत्तर आलं तर तो कुणाकडे तरी आहे. उत्तर आलं नाही म्हणजे मोकळाच आहे असं मात्र समजू नका, कारण विंडोजची फायरवॉल अनेकदा पिंगला उत्तर देऊ देत नाही. म्हणून लगेच ए-आर-पी, स्पेस, आडवी रेघ, ए ही कमांड द्या. तुमच्या आकड्यासमोर फिजिकल अॅड्रेस दिसला तर ते यंत्र गप्प असलं तरी तिथे आहे. बंद असलेला प्रिंटर या दोन्ही चाचण्यांतून निसटतो, तेव्हा सगळी यंत्रं चालू करूनच ही तपासणी करा.

७. शक्यतो राउटरवर रिझर्व्हेशन करा

कायमचा पत्ता देण्याचे दोन मार्ग आहेत: मशीनवर हाताने भरणे, किंवा मशीन 'ऑटोमॅटिक'वरच ठेवून राउटरला सांगणे की या फिजिकल अॅड्रेसला कायम हाच पत्ता दे. दुसरा मार्ग माझ्या मते नेहमीच बरा. सगळी नोंद एका जागी राहते, विंडोज नव्याने टाकलं तरी पत्ता तोच मिळतो, आणि लॅपटॉप घरी नेला तरी तिथलं इंटरनेट अडत नाही.

राउटरच्या डीएचसीपी भागात 'अॅड्रेस रिझर्व्हेशन', 'स्टॅटिक लीज', 'स्टॅटिक डीएचसीपी' किंवा 'बाइंडिंग' अशा नावाने ही सोय असते. फिजिकल अॅड्रेस (दोन-दोनच्या सहा जोड्या, एकूण १२ अक्षरं-आकडे) आणि हवा तो पत्ता भरा, सेव्ह करा. काही राउटर रिझर्व्ह केलेला पत्ता वाटपाच्या पट्ट्यातलाच मागतात, काही बाहेरचाही घेतात. नाकारला तर पट्ट्यातला द्या: तो आता राखीव झाल्यामुळे दुसऱ्याला जाणार नाही.

इथे तीन ठिकाणी पाय घसरतो. एक, केबल आणि वायफाय यांचे फिजिकल अॅड्रेस वेगळे असतात. केबलचा नोंदवून मशीन वायफायवर चालवलं तर रिझर्व्हेशन लागू होत नाही. यूएसबीला लावलेल्या लॅन अडॅप्टरचा तर तिसराच. दोन, वायफायच्या सेटिंगमध्ये 'रँडम हार्डवेअर अॅड्रेसेस' चालू असेल तर मशीन खोटा फिजिकल अॅड्रेस सांगतं. ऑफिसच्या वायफायसाठी ते बंद करा. तीन, राउटर फॅक्टरी रीसेट झाला की ही सगळी यादी पुसली जाते. राउटरच्या पानावर बॅकअपची सोय असेल तर ती फाइल काढून ठेवा.

नोंद केल्यावर मशीन रीस्टार्ट करा, नवा पत्ता आपोआप येईल.

८. मशीनवर हाताने पत्ता देणे

राउटर हातात नसेल तर हा मार्ग.

विंडोज ११: सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट. वायफाय असेल तर वायफायमध्ये जाऊन जोडलेल्या नेटवर्कची प्रॉपर्टीज. 'आयपी असाइनमेंट'समोर एडिट दाबा, 'ऑटोमॅटिक'ऐवजी 'मॅन्युअल' निवडा, आयपीव्ही४ चालू करा आणि पायरी ५ मधले आकडे भरा. डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस हे सेटिंग आहे तसं राहू द्या.

विंडोज १०: सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, स्टेटस, प्रॉपर्टीज, आयपी सेटिंग्ज, एडिट. इथे अनेक आवृत्त्यांमध्ये मास्कच्या जागी 'सबनेट प्रिफिक्स लेंग्थ' विचारतात. तिथे २५५.२५५.२५५.० टाकलं की आयपी सेटिंग्ज सेव्ह होत नाहीत एवढंच सांगणारा त्रोटक निरोप येतो, कारण सांगत नाही. तिथे फक्त २४ लिहायचं. दोन्हींचा अर्थ एकच.

जुना रस्ता दोन्हींत चालतो: विंडोज आणि आर, मग एन-सी-पी-ए, टिंब, सी-पी-एल. जोडावर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, यादीत 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४' ही ओळ निवडून पुन्हा प्रॉपर्टीज. या रस्त्याने वायफायला दिलेला पत्ता लॅपटॉप जिथे न्याल तिथल्या प्रत्येक वायफायला लागू होतो, आणि घरी इंटरनेट बंद असल्याची तक्रार संध्याकाळी येते. फिरत्या लॅपटॉपला हे करू नका.

केबल आणि वायफाय या दोन्हींना एकच पत्ता देऊ नका.

९. तपासा, याच क्रमाने

सगळं चालतंय असं वाटून उठू नका. काळ्या खिडकीत हे एकेक करा, आणि जिथे अडेल तिथेच दोष आहे असं समजा:

1. एच-ओ-एस-टी-एन-ए-एम-ई. नवं नाव दिसलं पाहिजे. जुनंच दिसलं तर रीस्टार्ट राहिलाय.
2. आयपीकॉन्फिग /ऑल. पत्त्यापुढे कंसात 'प्रिफर्ड' असावं. 'डुप्लिकेट' असेल तर तोच पत्ता दुसऱ्या कुणाकडे आहे, पायरी ६ वर परत जा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनला राउटरकडून काही मिळालेलंच नाही: केबल, स्विच किंवा वायफाय पाहा.
3. गेटवेला पिंग. उत्तर नाही म्हणजे पत्ता, मास्क किंवा केबल यात चूक.
4. ८.८.८.८ ला पिंग. गेटवे उत्तर देतो पण हा नाही, तर भरलेला गेटवे चुकीचा आहे किंवा ब्रॉडबँडच बंद आहे. मोबाइलवर त्याच वायफायने पाहिलं की दोहोंतलं कुठलं ते कळतं.
5. एखाद्या वेबसाइटच्या नावाला पिंग. आकड्याला उत्तर येतं पण नाव सापडत नाही, तर दोष डीएनएसचा.
6. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून या मशीनच्या नावाला पिंग.

पिंगचं उत्तर शेवटपर्यंत वाचा. 'रिप्लाय फ्रॉम' पाहून लोक खूश होतात, पण त्यापुढे स्वतःच्याच मशीनचा पत्ता आणि 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' लिहिलं असेल तर ते उत्तर नव्हे, नकार आहे.

पहिल्या पाच चाचण्या उतरल्या आणि सहावी अडली, तर नेटवर्कची प्रोफाइल पाहा. इथरनेट किंवा वायफायच्या सेटिंगमध्ये 'पब्लिक' असेल तर 'प्रायव्हेट' करा. मग 'अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'मध्ये प्रायव्हेटखाली नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा. ऑफिसच्या नेटवर्कवरच हे करायचं, बाहेरच्या वायफायवर पब्लिकच हवं. एक मशीन पाहुण्यांच्या वायफायवर आणि दुसरं मुख्य वायफायवर असेल, तर कितीही सेटिंग बदलली तरी ती एकमेकांना दिसणार नाहीत. पाहुण्यांचं वायफाय त्यासाठीच वेगळं ठेवलेलं असतं.

१०. प्रिंटर

नेटवर्क प्रिंटरचा फिजिकल अॅड्रेस त्याच्या मेनूतून छापता येणाऱ्या नेटवर्क पानावर असतो. तो राउटरवर रिझर्व्ह करा. मग प्रत्येक कॉम्प्युटरवर 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मध्ये 'पोर्ट्स' टॅब उघडा. डब्ल्यूएसडी नावाचं पोर्ट (विंडोजने प्रिंटर आपोआप शोधून बनवलेला जोड) निवडलेलं असेल तर प्रिंटर चालू असूनही 'ऑफलाइन' दिसण्याचं कारण बहुधा तेच. 'अॅड पोर्ट', 'स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट' निवडून प्रिंटरचा पत्ता द्या. प्रिंटर काढून पुन्हा बसवण्याची गरज नाही, ड्रायव्हर तोच राहतो.

११. ब्रॉडबँड किंवा राउटर बदलला तर

जुना राउटर १९२.१६८.१.१ वर होता, नवा १९२.१६८.२९.१ वर आला. हाताने पत्ते दिलेली सगळी यंत्रं आता अशा नेटवर्कचे पत्ते धरून बसली आहेत जे उरलेलंच नाही. प्रिंटर, डीव्हीआर, हिशेबाचा कॉम्प्युटर, सगळं एकदम बंद. कनेक्शन बसवणारा माणूस मोबाइलवर इंटरनेट चालू दाखवून निघून जातो, कारण मोबाइल ऑटोमॅटिकवर असतो.

अशा वेळी दहा मशीनं बदलत फिरू नका. नव्या राउटरच्या 'लॅन' भागात जाऊन त्याचाच पत्ता १९२.१६८.१.१ करा आणि वाटपाचा पट्टा जुन्यासारखा ठेवा. सेव्ह करताच पान अडकल्यासारखं दिसेल. घाबरू नका, राउटर नव्या पत्त्यावर गेलाय. मिनिटभर थांबून ब्राउझरमध्ये नवा आकडा टाका. हाताने दिलेली यंत्रं लगेच चालू होतील. रिझर्व्हेशनची यादी मात्र वहीतून पुन्हा भरावी लागेल: जुन्या राउटरची बॅकअप फाइल दुसऱ्या कंपनीच्या राउटरला चालत नाही.

कनेक्शनवाल्याच्या राउटरमागे तुमचा जुना राउटर जसाच्या तसा लावलात, तर दोन वेगळी नेटवर्कं तयार होतात. पहिल्यावरच्या मशीनला दुसऱ्यावरचं शेअर फोल्डर सापडत नाही. जुन्या राउटरला 'अॅक्सेस पॉइंट मोड'मध्ये टाका, म्हणजे पत्ते एकच जण वाटेल.

१२. पूर्ववत करायचं असेल तर

पायरी ८ मधल्याच खिडकीत 'मॅन्युअल'ऐवजी 'ऑटोमॅटिक (डीएचसीपी)' निवडा. विंडोज ११ मध्ये त्याखाली 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट' ही वेगळी ओळ आहे, तीही ऑटोमॅटिक झाली आहे ना ते पाहा. जुन्या रस्त्यानेही पत्त्यासाठी एक आणि डीएनएससाठी एक असे दोन 'ऑटोमॅटिकली' पर्याय असतात, दोन्ही निवडावे लागतात. डीएनएस हाताने दिलेलाच राहून गेला तर मशीन वरवर चालतं, पण डीएनएस म्हणून जुन्या राउटरचा आकडा दिलेला असेल तर राउटर बदलल्यावर फक्त याच एका कॉम्प्युटरवर वेबसाइट उघडत नाहीत.

नाव पूर्ववत करायचं तर पायरी ३ पुन्हा, आणि तिच्यामागोमाग पायरी ४ ची सगळी यादीही.